दोन स्क्रूंपुरतं घर

भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाचं खिळ्याशी मोठं नाजूक नातं असतं. घरात खिळा असतो, हातोडी असते, भिंत तर असतेच, पण या तिघांची गाठ घालून द्यायचा अधिकार त्याला नसतो. आमच्या अकरा महिन्यांच्या अग्रीमेंटमध्ये तसं कलमच आहे : 'भाडोत्री इसमाने भिंतीस अथवा चौकटीस खिळा ठोकू नये.' भाडोत्री इसम म्हणजे मी. आयझॅक आवासकर, मुक्काम सुकापूर, पनवेल. आडनाव आवासकर आणि स्वतःचा आवास नाही, हा विनोद तुम्हाला सुचला असेल तर कृपा करून मनातच ठेवा. पनवेलातल्या बहुतेक लोकांनी तो मला ऐकवून झालेला आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या किनाऱ्यावर फुटलं, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेव्हापासून आम्ही मराठी बोलतो, तांदळाची भाकरी खातो, आणि आमचं घराणं आवास गावात राहिलं म्हणून आवासकर झालं. इतक्या शतकांत घराण्याने मजल मारली ती आवासहून पनवेलपर्यंत. मी याला संथपणा म्हणत नाही, स्थैर्य म्हणतो. पण बँकेला ते पटत नाही. त्याकडे पुढे येतोच.

तर ज्यू माणसाच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा असतो. बोटभर लांबीची डबी, आत चर्मपत्रावर लिहिलेली प्रार्थना. येता-जाता डबीला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची. आमच्या दारावरचा मेझुझा गेली बारा वर्षं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर उभा होता. कारण वर सांगितलेलं कलम. हवा दमट झाली की टेप हात सोडायचा आणि मेझुझा खाली यायचा. एका सोमवारी मी कामावर जाताना बूट घालायला वाकलो आणि तो थेट माझ्या टकलावर आला.

शुलामिथ, म्हणजे माझी बायको, धावत आली. तिने डबी उचलली, फुंकली, ओठांना लावली, कुठे चीर गेलीय का ते उजेडात धरून पाहिलं. मग माझ्या टकलाकडे पाहिलं. क्रम लक्षात घ्या.

"आपलं घर असतं तर दोन स्क्रू मारले असते," ती म्हणाली.

ती शाळेत गणित शिकवते. तिची वाक्यं उत्तरासारखी येतात आणि खाली रेघ मारून संपतात. त्याच संध्याकाळी तिने दिवा लावून एलियाहू हन्नबीला, म्हणजे नवसाला पावणाऱ्या आमच्या प्रेषिताला, नवस बोलला की आपलं घर झालं की मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात मांडून प्रार्थना करायची. आमच्यातला जुना प्रघात. आता नवस बोलल्यावर माझ्या हातात काही उरलं नाही. शुलामिथ एक वेळ माझं ऐकेल, पण देवाला दिलेला शब्द मागे घ्यायला लावणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

तुम्ही म्हणाल, घरमालकाला सरळ विचारायचं होतं की दोन स्क्रू मारू का. ही सूचना आजवर मला अनेकांनी केलीय, आणि सगळ्यांनी उशिरा केलीय. आमचे घरमालक भगवानशेठ आगरी आहेत. वडलांचा जन्म मिठागरात आणि भातशेतीत गेला, पुढे जमिनीला भाव आले, आणि भगवानशेठनी शेतात भाताऐवजी ही तीन मजली इमारत लावली. राहायला आलो तेव्हा घड्याळासाठी एक खिळा ठोकू का, असं मी विचारलं होतं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. भिंतीवरून तळवा फिरवत म्हणाले, "साहेब, या भितीला मी सोता पानी मारलंय. पोराला आंगोल घालतात तसं." त्यानंतर ते घड्याळ आम्ही फ्रिजवर ठेवलं. आणि आमच्या दाराची चौकट तर त्यांच्या जुन्या घराची, काळ्या शिसवीची. जुनं घर पाडताना एवढी एक वस्तू त्यांनी वाचवली आणि आमच्या मजल्यावर बसवली. त्याच चौकटीतून भगवानशेठच्या आई सखूबाई नवरी होऊन आत आलेल्या. अशा चौकटीला ड्रिल लावायचं विचारणारा माणूस एक तर धीट असतो किंवा घर सोडायच्या तयारीत असतो. मी धीट नाही.

सखूबाई म्हणजे आमच्या मावशी. तळमजल्यावर राहतात, पण वारा आमच्या जिन्यात लागतो म्हणून रोज सकाळी सूप घेऊन वर येतात आणि आमच्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडतात. बसण्याआधी मेझुझाला हात लावून बोटं ओठांना लावतात. आम्ही त्यांना हे कधी शिकवलं नाही. आम्ही करतो ते पाहून त्यांनी सुरू केलं. आम्ही आलो त्या वर्षी त्यांनी मोठ्या प्रेमाने टोपभर चिंबोऱ्या पाठवल्या होत्या. शुलामिथने खाली जाऊन समजावलं की आम्हाला खेकडे, कोळंबी चालत नाहीत, फक्त खवले असलेला मासा चालतो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. तेव्हापासून घरात जिताडा आला की त्यातले दोन तुकडे आमच्याकडे येतात. त्याला त्यांच्या घरात 'खवलेवाल्यांचा वाटा' म्हणतात.

अशा घरातून बाहेर पडायचं आम्ही ठरवलं होतं, आणि ते मावशींना कळू न देता.

पनवेलात घर शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथे प्रत्येक माणसाला दोन धंदे असतात. पहिला कुठलाही असतो, दुसरा जागांचा. माझ्या न्हाव्याने अर्धी दाढी झालेली असताना मला मोबाइलवर फ्लोअर प्लॅन दाखवला. दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "टू बीएचके की वन?" आणि माझ्या 'आँ' या उत्तराचा अर्थ टू असा घेतला. समोरच्या दारातला परेश औषधांच्या कंपनीत आहे, पण त्याच्या बॅगेत औषधांपेक्षा बिल्डरांची पत्रकं जास्त निघतात.

"सर, रेंट म्हणजे वेस्ट," परेश म्हणाला. "घर म्हणजे असेट. त्यात एअरपोर्ट आलाय. आज नाही घेतलंत तर विसरा."

"तुझं स्वतःचं घर कुठे आहे?"

"मी रेंटवरच बरा आहे सर. मला लिक्विड राहायला आवडतं."

माझा चुलतभाऊ रुबेन इस्राएलमध्ये, अश्दोदला असतो. आमच्याआधी याच घरात तो भाड्याने राहत होता, आणि त्याला चिंबोऱ्या चालत. तो गेला आणि हे घर, त्यातलं कपाट आणि खिळ्याचं कलम यांसकट माझ्याकडे आलं. त्याने व्हिडिओवरून सल्ला दिला, "पनवेलात कशाला घेतोस? इकडे ये." हे तो गेल्यापासून सांगतोय. तो स्वतः तिकडे भाड्यानेच राहतो, पण त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे त्याला ते भाडं वाटत नाही.

परेशने आम्हाला पहिल्यांदा एका टॉवरचा सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं. खोल्या ऐसपैस दिसत होत्या. माझी मुलगी लियोरा सगळीकडे फोटो काढत फिरली. मी बेडरूममध्ये जरा अंदाज घ्यावा म्हणून पलंगावर आडवा झालो, तर गुडघ्यापासून खालचा मी पलंगाबाहेर. पलंगच बारका करून घेतला होता, म्हणजे खोली मोठी दिसावी. सेल्समधली मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, ते फक्त डिस्प्लेसाठी आहे." मी उठून चादर सारखी केली. तोवर शुलामिथ साऱ्या घरात काहीतरी शोधत होती. तिला चौकट सापडत नव्हती. सॅम्पल फ्लॅटला दारंच नसतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. जिथे मेझुझा लावायला दार नाही ते घर तिने जागच्या जागी नापास केलं.

मग बँक. बँकेतल्या मॅडमनी आडनाव वाचलं, आणि मला अपेक्षित असलेला विनोद केला. मी अपेक्षित असलेलं हसलो. मग त्यांनी कायमचा पत्ता विचारला. मी सुकापूरचा सांगितला.

"हा भाड्याचा झाला. कायमचा सांगा."

"बारा वर्षं तिथेच आहे."

"पण अग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे ना. म्हणजे तुम्ही अकरा महिन्यांपुरते कायमचे."

मी आवासचा पत्ता सांगितला. तिथे आता कोण असतं, असं त्यांनी विचारलं. माझ्या पणजोबांची कबर आहे, असं मी खरं ते सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग अंगठ्याचा ठसा घ्यायची वेळ आली. मी तळोज्याला रंगांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. रसायनांनी माझ्या अंगठ्याच्या रेघा कधीच पुसल्यात. मशिनने माझा अंगठा पुनःपुन्हा नाकारला. पत्ता नाही आणि अंगठाही नाही, अशा माणसाला कर्ज हवंय तरी कशाला, असा प्रश्न मॅडमच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. शेवटी करंगळीवर भागलं.

या सगळ्यातून तरून आम्ही जवळच, पनवेलच्याच खांदा कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत पोहोचलो. काशिराम नावाचे निवृत्त गृहस्थ तिथला आपला फ्लॅट विकून मुलाकडे नाशिकला निघाले होते. बाल्कनीबाहेर बदामाचं झाड होतं. शुलामिथ शिरल्या शिरल्या चौकटीपाशी थांबली आणि उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर तिने बोटांनी माप घेतलं. मी तिचा चेहरा पाहिला. लग्नानंतर मी तिला बऱ्याच गोष्टी आणून दिल्या असतील, पण असा चेहरा मी आणला नव्हता. मी तिथेच काशिरामना हो म्हणून टाकलं.

आता मावशींना सांगणं भाग होतं. ही जबाबदारी मी अंगावर घेतली, कारण नाजूक गोष्टी नाजूकपणे सांगायची हातोटी माझ्याकडे आहे, असा माझा तोवर समज होता.

मावशी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मावशी, आता आम्हाला आमच्या घरी जायचं आहे."

त्यांचा हात सुपात थांबला. "तुमच्या घरी?"

"हो. शेवटी माणसाला वाटतंच ना, आपलं असं काही असावं."

"बराबर हाय," एक खडा वेचून बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "लांब हाय काय रं?"

"छे. तुम्हाला वाटतं तेवढं लांब नाही."

"विमान?"

खांदा कॉलनीच्या जागांची पत्रकं मला पाठ होती. मी उत्साहाने म्हणालो, "विमानतळ तर अगदी जवळ आहे, मावशी."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. डोळ्याला पदर लावून त्यांनी सूप उचललं आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं, बाईंनी किती समजूतदारपणे घेतलं. घरात येऊन मी शुलामिथला सांगितलं की झालं, सांगून टाकलं, काही त्रास झाला नाही.

दोन-तीन दिवसांत माझ्याभोवतीचं जग बदललं. दूधवाल्याने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "साहेब, तिकडे म्हशी असतात का?" इमारतीतल्या एका बाईंनी आमच्या फ्रिजची चौकशी केली, मग मिक्सरची, मग लियोराच्या सायकलची. भगवानशेठनी मला जिन्यात अडवून कडकडून मिठी मारली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा 'आवासकर साहेब' न म्हणता 'आयझॅकदादा' म्हणाले. मी भारावून गेलो. खांदा कॉलनीत जाणाऱ्या माणसाला सुकापुरात एवढी किंमत असेल याची मला कल्पना नव्हती.

मग रुबेनचा फोन आला. तो चिडला होता. "येतोयस आणि मला सांगत नाहीस? भगवानशेठचा मेसेज आला म्हणून कळलं. मी इथे खोलीचं बघू ना?"

त्यापाठोपाठ आमच्या सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे तिथला कारभार पाहणारे, घरी आले. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, आणि शनिवारी आम्ही कसेबसे दहा होतो. मुकादम खुर्चीच्या काठावर बसले. पाणीही घेतलं नाही.

"आयझॅक, जा. जायला हवंच. सगळे गेले," ते म्हणाले. "फक्त एवढं सांग, दहावा माणूस मी कुठून आणू?"

तेव्हा कुठे माझ्या टकलात प्रकाश पडला. सखूबाईंच्या पाहण्यातले आमचे लोक एकच वाट चालत गेले होते. रुबेनही जाताना त्यांना हेच सांगून गेला होता, की मावशी, आता आमच्या घरी जातो, विमानाने लांब वाटत नाही. बेने इस्राएल माणूस 'आमच्या घरी' म्हणाला तर त्याचा सुकापुरातला अर्थ ठरलेला होता : इस्राएल. तो खांदा कॉलनी असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता खाली जा आणि खरं सांग," शुलामिथ म्हणाली.

मी गेलो. खरंच गेलो. पण मावशींनी अंगणात माझ्यासाठी तांदळाचे पापड वाळत घातले होते. "तितं असलं काय भेटत नाय, रुबेन बोल्ला व्हता," त्या म्हणाल्या. त्यात भगवानशेठनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, बशीत बिस्किटं आली. भाडोत्री इसम म्हणून मी त्या घरी वर्षानुवर्षं उभ्याने बोललो होतो, आणि आज परदेशी जाणारा म्हणून मला खुर्ची मिळाली होती. माझा स्वाभिमान कुठे विरघळेल याचा नेम नाही. तो चहात विरघळला. काशिरामना बयाणा दिला की सांगू, असं ठरवून मी पापड घेऊन वर आलो.

बयाणा द्यायला गेलो तेव्हा शुलामिथने काशिरामना सहज विचारलं, "इथे चौकटीला दोन स्क्रू मारायचेत. ही लाकडी आहे ना?"

काशिराम अवघडले. "स्क्रूचं तेवढं सोसायटीत विचारावं लागेल," ते म्हणाले. "म्हणजे विचारलंत तरी नाहीच म्हणतील. इमारत जुनी झालीय. दुरुस्ती होईपर्यंत कुणी कुठे ड्रिल लावायचं नाही, असा ठराव आहे. भिंत नाही, चौकट नाही."

"दुरुस्ती कधी होणार?"

"तसा ठराव अजून झालेला नाही."

मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोंकडे पाहिलं. लग्नाचा फोटो, मुलाच्या पदवीचा फोटो, देवाची तसबीर. "मग हे कसं लावलंय?"

काशिरामनी टीव्हीखालचा खण उघडला. खण भरून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची रिळं होती. "हा घ्या," एक रीळ माझ्या हातात देत ते प्रेमाने म्हणाले. "बाकीचे सगळे फसवे आहेत. हवा दमट झाली की सोडतो, पण त्यातल्या त्यात हा बरा. मी आल्यापासून हाच वापरतोय."

बयाण्याचं पाकीट खिशातच ठेवून आम्ही बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर शुलामिथने ते रीळ मांडीवर ठेवलं आणि हसायला लागली. मीही हसलो. मग पाहिलं तर ती रडत होती. मी तिचा हात धरला. स्वतःचं घर घेऊनही मालक कुणी दुसराच असणार होता, आणि टेप तर तोच होता. वीस वर्षं हप्ते फेडूनही तिच्या त्या दोन स्क्रूंना जागा मिळणार नव्हती. मी काशिरामना फोन करून नाही म्हटलं, आणि आम्ही जे होतो तेच पुन्हा झालो.

घरी पोहोचलो तर इमारतीच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. आमच्या भागात फ्लेक्सशिवाय कुणी जात नाही आणि येतही नाही. वर गॉगल लावलेले, गळ्यात साखळी घातलेले भगवानशेठ, कमरेपासून डोक्यापर्यंत. खाली कोपऱ्यात माझा फोटो. तो अग्रीमेंटवरचा पासपोर्ट फोटो होता, त्यामुळे माझ्या गालावर अर्धा सरकारी शिक्का आला होता. मधे मोठ्या अक्षरांत : 'आमचे लाडके श्री. आयझॅक आवासकर यांना मायदेशी परतत असल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा.' माझा मायदेश अलिबागच्या अलीकडे आहे आणि तिथे एसटी जाते, हे सांगायची वेळ टळून गेली होती. समारंभ रविवारी संध्याकाळी, गच्चीवर.

"आता तरी सांग," शुलामिथ म्हणाली.

"समारंभात सांगतो. सगळ्यांना एकदमच कळेल," मी म्हणालो. माणूस घाबरला की त्याला किती व्यवस्थित कारणं सुचतात, याचं मलाच नवल वाटतं.

रविवारी गच्चीवर मांडव, खुर्च्या, माइक. सुकापुरातली निम्मी माणसं आणि आमचे मुकादम. परेशने भाषणात सांगितलं की माझ्या जाण्याने इमारतीत कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण होईल, आणि खाली उतरताना माझ्या कानात सांगितलं की पोकळीसाठी पार्टी तयार आहे, ताबा कधी देताय. भगवानशेठ उभे राहिले. त्यांनी मला शाल घातली, हातात नारळ दिला. मी माइकपाशी गेलो. "बंधूभगिनींनो," म्हणालो, आणि नारळ या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात सखूबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते उलगडलं. आत आमचा मेझुझा होता.

"सकाली जिन्यात पडलेला गावला," त्या म्हणाल्या. "मी देव्हाऱ्यात ठेवला व्हता. तुमी जाताव म्हून रुसला असंल. तितं नेऊन नीट लावा. पन आयजाक, बारा वर्सं हा पडतोय. खिला का नाय मारलास?"

माइक चालूच होता, त्यामुळे तो प्रश्न साऱ्या सुकापुरात गेला.

मी नारळाकडे पाहत राहिलो. शुलामिथ उठली आणि माझ्या पुढचा माइक घेतला.

"मावशी, अग्रीमेंटमध्ये खिळा ठोकायचा नाही असं लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणून आम्ही स्वतःचं घर बघत होतो. इस्राएलात नाही, इथे खांदा कॉलनीत. फक्त दारावर हे नीट लावता यावं म्हणून. ते घरही जमलं नाही. आम्ही कुठेच जात नाही. आमचं चुकलं, आधी सांगायला हवं होतं."

मी भगवानशेठकडे पाहिलं. ते माझ्या अंगावरच्या शालीकडे पाहत होते.

"मला विचारलंत कधी?" त्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"घड्याळाचं विचारलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही भिंतीवरून हात फिरवलात."

"म्हंजे मी नाय बोल्लो?"

"नाही असं बोलला नव्हतात."

"दोन स्क्रूसाठी घर घेताव," सखूबाई म्हणाल्या. त्या हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हत्या, नुसतं स्वतःशी पडताळून पाहत होत्या. मग त्यांचा चेहरा फुलत गेला, आणि पदराने तोंड झाकून त्या हसायला लागल्या. त्यांच्यामागून सारी गच्ची हसली. सगळ्यांत मोठ्याने मुकादम हसत होते. त्यांचा दहावा माणूस शाल पांघरून समोर उभा होता.

"भगवान, मशिन आन," हसू आवरून त्या म्हणाल्या.

भगवानशेठ थबकले. "आये, शिसवीची चौकट हाय. बाबांनी—"

"चौकट माजी हाय. मी आत आले तिच्यातून. आन."

सगळा समारंभ जिन्याने आमच्या दाराशी उतरला. भगवानशेठनी ड्रिल लावलं, डोळे मिटून घेतले, मग उघडले. पहिलं पातं जुन्या लाकडात मोडलं. परेशने पात्यांच्या प्रकारांवर माहिती दिली. दुसऱ्या पात्याने भोक पडलं आणि भगवानशेठनी ते फुंकरीने इतकं हळुवार साफ केलं की मला माझ्या टेपांची लाज वाटली. मी मेझुझा तिरका धरला, बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली, आणि शुलामिथने स्वतःच्या हाताने दोन्ही स्क्रू पिळले. माझे डोळे भरून आले. धुळीने नाही, खरोखरच भरून आले.

पुढच्या आठवड्यात आमच्या घरी मलिदा झाला. पोहे सखूबाईंनी आणले होते. लियोराने आईला विचारलं, "पण नवस तर आपल्या घरासाठी होता ना? हे तर भाड्याचं आहे."

"एलियाहू हन्नबीला अग्रीमेंट दाखवावं लागत नाही," शुलामिथ म्हणाली आणि तिने ताटात खजूर ठेवले.

फ्लेक्स वाया गेला नाही. भगवानशेठनी तो त्यांच्या स्कूटरवर पांघरलाय, त्यामुळे मी रोज कामाला निघताना मला मायदेशी परतायच्या शुभेच्छा मिळतात. नव्या अग्रीमेंटमध्ये खिळ्याचं कलम जसंच्या तसं आहे. मी काही बोललो नाही आणि त्यांनीही काही काढलं नाही. घड्याळ अजून फ्रिजवरच आहे.

सखूबाई सकाळी सूप घेऊन वर येतात. स्क्रू बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी बूट घालत होतो. त्यांनी मेझुझाला हात लावला, बोटं ओठांना लावली. मग पुन्हा हात वर नेऊन डबी चांगली धरून ओढून पाहिली. ती हलली नाही. त्या समाधानाने उंबऱ्यात टेकल्या आणि सूप मांडीवर घेतलं.

"आता जायाचं झालं तं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दारच काढून न्यायला लागंल."